गॅरेजच्या दाराचे यंत्र निवडताना : अश्वशक्तीच्या पलीकडे पाहण्याच्या गोष्टी

ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात रात्रीच्या वेळी भीषण वणवे भडकले. सोसाट्याच्या वाऱ्यामुळे आग काही तासांतच सांता रोझा शहरातील वस्तीत शिरली आणि अनेक भागांतील वीजपुरवठा खंडित झाला. मोटारीत बसून सुरक्षित स्थळी निघण्याच्या धडपडीत असलेल्या नागरिकांपुढे त्या वेळी एक अनपेक्षित अडथळा उभा राहिला. विजेवर चालणारे गॅरेजचे दार उघडेना आणि वयोवृद्धांना ते हाताने उचलता येईना. या कारणाने काही जणांना प्राण गमवावे लागल्याचे नंतर स्पष्ट झाले. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०१८ मध्ये कायदा केला. त्यानुसार १ जुलै २०१९ पासून बॅटरीची पर्यायी सोय नसलेले घरगुती गॅरेज-दार यंत्र विकण्यास वा बसविण्यास त्या राज्यात मनाई करण्यात आली.

हे यंत्र अमेरिकेत ‘ओपनर’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांतही ते सर्रास आढळते. किंबहुना अनेक घरांत पुढचा दरवाजा पाहुण्यांसाठी उरला असून घरच्यांची ये-जा गॅरेजमधूनच होते. नवे घर घेताना किंवा जुने यंत्र बदलताना ग्राहकाचा पहिला प्रश्न मोटर किती अश्वशक्तीची घ्यावी, हा असतो. विक्रेतेही तेथूनच सुरुवात करतात. मात्र दाराखाली कोणी सापडल्यास हे यंत्र काय करील, वीज गेल्यावर दार कसे उघडेल आणि घराबाहेरील व्यक्तीला ते उघडता येईल काय, हे तीन प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचे आहेत.

दार उचलते ती स्प्रिंग

अमेरिकी घरांतील गॅरेजचे दार बहुधा आडव्या तुकड्यांचे असते. बिजागऱ्यांनी जोडलेले हे तुकडे दोन्ही बाजूंच्या रुळांतून चाकांवर सरकत वर जातात आणि छताखाली आडवे होतात. वर सरकणारे असे दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये तयार केले आणि १९२६ मध्ये ते उघडणारे विजेचे यंत्रही त्यांनीच बनविले. दोन मोटारी मावतील असे दार साधारणपणे १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असते. पोलादी पत्र्याचे असल्यास त्याचे वजन ७० ते १०० किलोच्या आसपास भरते. लाकडी दार याहून बरेच जड असते.

एवढे वजन मोटर उचलते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते काम दाराच्या वरच्या बाजूस, आडव्या दांड्यावर बसविलेली पिळाची स्प्रिंग करते. दार खाली येताना स्प्रिंगला पीळ बसतो व तिच्यात शक्ती साठते. दार वर जाताना हीच शक्ती त्याचे वजन तोलून धरते. स्प्रिंग योग्य ताणाची असेल तर एरवी शंभर किलोचे असलेले दार एका हाताने उचलता येते. मोटरचे काम केवळ हे तोललेले दार सरकविण्याचे आणि हव्या त्या जागी थांबविण्याचे आहे.

त्यामुळे नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी दाराची तपासणी करणे इष्ट ठरते. दार पूर्ण बंद करावे, छतावरून लोंबणारी लाल दोरी ओढून ते यंत्रापासून सोडवावे आणि हाताने अर्ध्या उंचीपर्यंत उचलून हलकेच सोडावे. दार तेथेच स्थिरावले तर स्प्रिंग ठीक आहे. ते धाडकन खाली येऊ लागले किंवा आपोआप वर जाऊ लागले तर दोष स्प्रिंगचा आहे आणि अधिक ताकदीची मोटर बसवून तो दूर होणार नाही. उलट बलवान मोटर असा दोष काही काळ झाकून ठेवते आणि वीज गेल्यावर तो एकदम उघडकीस येतो. सर्वसाधारण स्प्रिंगचे आयुष्य सुमारे १०,००० वेळा उघडझाप एवढे धरले जाते. दिवसातून चार वेळा दार वापरणाऱ्या कुटुंबात ती सुमारे सात वर्षांत बदलण्यास येते. हे काम मात्र माहीतगार कारागिराकडूनच करून घ्यावे. ताणलेली स्प्रिंग हातातून निसटल्यास गंभीर इजा होऊ शकते आणि घरच्या घरी दुरुस्ती करण्याच्या हौसेला येथे थारा देता कामा नये.

दार नीट तोललेले असेल तर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर बहुतेक घरांना पुरते. लाकडी किंवा विशेष जड दारासाठी पाऊण अश्वशक्ती वा त्याहून मोठी मोटर घेतली जाते. अलीकडे एकदिश प्रवाहावर म्हणजे डीसी विजेवर चालणाऱ्या मोटरींचा प्रसार वाढला आहे. त्यांच्या खोक्यावर ‘समतुल्य’ अश्वशक्तीचा आकडा छापलेला असतो. तो प्रत्यक्ष मापापेक्षा तुलनेसाठी दिलेला आकडा असल्याने त्यावर फार विसंबू नये. डीसी मोटरचा खरा लाभ निराळा आहे. ती सावकाश सुरू होते, सावकाश थांबते, आवाज कमी करते आणि बॅटरीवर सहज चालू शकते.

साखळी, पट्टा आणि भिंत

मोटरची शक्ती दारापर्यंत पोहोचविण्याच्या पद्धतींवरून यंत्रांचे प्रकार पडतात. सायकलीसारखी साखळी असलेले यंत्र सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ असते. मात्र ते खडखडाट करते. गॅरेज घरापासून अलग असेल तर या आवाजाची फिकीर करण्याचे कारण नाही. गॅरेजच्या वर शयनगृह असेल आणि घरातील कोणी रात्रपाळीहून परतत असेल तर रबरी पट्ट्याच्या यंत्रासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य ठरते. लांब आट्याच्या दांड्यावर चालणारे तिसऱ्या प्रकारचे यंत्रही मिळते, परंतु त्याचा वापर तुलनेने कमी आहे.

चौथा प्रकार भिंतीवर बसणाऱ्या यंत्राचा. ते दाराच्या बाजूस बसते आणि स्प्रिंगचा दांडाच फिरविते. छत मोकळे राहते, आवाज फारसा होत नाही, सामान ठेवण्यास जागा मिळते. मात्र त्यासाठी पिळाच्या स्प्रिंगचा दांडा असणे आवश्यक आहे. काही जुन्या घरांत दाराच्या दोन्ही बाजूंना लांबणाऱ्या स्प्रिंग असतात; अशा दाराला हे यंत्र चालत नाही. खरेदीनंतर ही गोष्ट लक्षात येऊन यंत्र परत करण्याची वेळ येऊ नये म्हणून आधी मान वर करून स्प्रिंगचा प्रकार पाहून घेतलेला बरा.

दाराखाली मूल असेल तर

या यंत्राच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण लहान मुलांशी निगडित आहे. खाली येणाऱ्या दाराखाली सापडून अमेरिकेत अनेक मुलांचे मृत्यू झाले. बटण दाबून दार बंद होण्यापूर्वी त्याखालून धावत जाण्याचा खेळ मुलांना मोह घालणारा होता. वाढत्या दुर्घटनांची दखल घेऊन अमेरिकी संसदेने १९९० मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेविषयीच्या कायद्यात तरतूद केली. १ जानेवारी १९९३ रोजी किंवा त्यानंतर अमेरिकेतील विक्रीसाठी तयार झालेल्या प्रत्येक घरगुती यंत्रास, दाराखाली कोणी अडकू नये यासाठीचे संरक्षण सक्तीचे झाले.

यातील पहिले संरक्षण यंत्राच्या आतच असते. उतरणारे दार कशास तरी टेकले की यंत्राने दोन सेकंदांच्या आत ते उलट दिशेने वर नेले पाहिजे. दुसरे संरक्षण बाहेरून बसविलेले असते. बहुतेक घरांत ते दाराच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लावलेल्या दोन लहान डोळ्यांच्या रूपात दिसते. त्यांच्यामधून अदृश्य प्रकाशकिरण जातो आणि तो तुटताच दार थांबून परत फिरते. हे डोळे जमिनीपासून सहा इंचांहून अधिक उंचीवर नसावेत, असा दंडक आहे. रांगणारे किंवा जमिनीवर पडलेले मूल किरणाच्या खालून निसटू नये, हा त्यामागील हेतू.

कायदा स्पष्ट असला तरी प्रत्यक्षात पळवाटा काढल्या जातात. कोळ्याचे जाळे, वाळलेले पान किंवा मावळतीचे ऊन यांमुळे किरण अडला की दार बंद होत नाही. या त्रासाला कंटाळून काही जण दोन्ही डोळे काढून छताजवळ समोरासमोर बांधून टाकतात. यंत्राला सर्व काही सुरळीत असल्याचा भास होतो आणि दाराखालचा पहारा संपुष्टात येतो. जुने घर विकत घेणाऱ्यांनी हे डोळे जागच्या जागी आहेत काय, हे आवर्जून पाहावे. यंत्र १९९३ पूर्वीचे निघाले तर ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता बदलावे.

तपासणीची रीत सोपी असून ती महिन्यातून एकदा करावी, अशी शिफारस केली जाते. दाराखाली जमिनीवर दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवावी आणि दार बंद करावे. फळीला टेकताच दार परत फिरले पाहिजे. ते फळीवर दाबून राहिले तर दुरुस्ती होईपर्यंत यंत्राचा वापर थांबविणे श्रेयस्कर. भिंतीवरील बटण जमिनीपासून किमान पाच फूट उंच असावे, म्हणजे लहान मुलांचा हात तेथवर पोहोचत नाही. मोबाइल फोनवरून दूर अंतरावरून दार बंद करण्याची सोय असलेल्या यंत्राने दार हलविण्यापूर्वी काही सेकंद दिवा लुकलुकवून व आवाज करून इशारा दिला पाहिजे. ही सोय घेताना तो इशारा गॅरेजमध्ये स्पष्ट ऐकू येतो काय, हे प्रत्यक्ष पाहावे.

लाल दोरीची ओळख

वणव्याच्या त्या रात्री ज्यांची दारे उघडली नाहीत, त्यांपैकी बहुतेक यंत्रांना छताजवळ एक लाल दोरी असणारच. वीज गेल्यावर ती ओढली की दार यंत्रापासून सुटते व हाताने उचलता येते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. परंतु अंधारात, धुरात, घाईत ती दोरी शोधणे, कधी मोटारीच्या टपावरून हात लांबविणे आणि मग दार उचलणे सत्तरीपुढील व्यक्तीला कितपत जमेल, याचा विचार तिच्या रचनेत फारसा झालेला दिसत नाही. स्प्रिंग सैल पडलेली असेल तर तरण्याताठ्या माणसालाही ते जड जाते. शिवाय स्प्रिंग तुटलेली असताना दार उघड्या स्थितीत असेल तर दोरी ओढताच ते अंगावर कोसळण्याचा धोका असतो. म्हणून ही दोरी शक्यतो दार बंद असतानाच ओढावी.

बॅटरीचा नियम कॅलिफोर्नियातील आहे. मात्र हिमवादळे, चक्रीवादळे यांमुळे वीज जाण्याचे प्रसंग इतर राज्यांतही येतात आणि बॅटरीसह यंत्र घेण्यास तेथे कोणतीच आडकाठी नाही. बॅटरी काही वर्षांनी निकामी होते व बदलावी लागते, याची नोंद मात्र ठेवावी. वर्षातून एकदा यंत्राची पिन काढून दार बॅटरीवर उघडते काय, हे पाहणे हाच त्यावरील उपाय. मुलांकडे सहा-सहा महिने राहण्यास गेलेले आईवडील दिवसभर घरात एकटे असतात. त्यांना स्वयंपाकघरातील विजेच्या शेगडीचे बटण जसे दाखविले जाते, तशीच ही लाल दोरीही दाखवून ती एकदा त्यांच्या हाताने ओढून घ्यावी.

या दोरीची एक दुसरी बाजूही आहे. दाराच्या वरच्या फटीतून तारेचा आकडा आत घालून ती बाहेरून ओढण्याची युक्ती चोरांना ठाऊक आहे. त्यावर तोड म्हणून काही जण दोरीची कळ प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून टाकतात. त्यामुळे चोराबरोबरच घरच्या माणसांची वाटही बंद होते. बाहेरून येणाऱ्या आकड्याला अडविणारी, पण आतून दोरी ओढू देणारी आवरणे मिळतात; ती अधिक सयुक्तिक आहेत.

रिमोटचा सांकेतिक आकडा

जुन्या रिमोटमध्ये लहान खटक्यांची रांग असे. खटके वरखाली करून एक सांकेतिक आकडा ठरविला जाई आणि बटण दाबल्यावर दर वेळी तोच आकडा रेडिओ लहरींवरून यंत्राकडे जाई. बारा खटक्यांपासून ४,०९६ वेगवेगळे आकडे तयार होतात. संख्या मोठी वाटली तरी यंत्रयुगात ती फार लहान आहे. सुरक्षाविषयक संशोधक सॅमी कामकार यांनी २०१५ मध्ये मुलांच्या एका जुन्या, संदेश पाठविण्याच्या खेळण्यात फेरफार करून अशा स्थिर आकड्याचे दार दहा सेकंदांच्या आत उघडून दाखविले होते.

१९९०च्या दशकाच्या मध्यापासून ‘रोलिंग कोड’ म्हणजे दर वेळी बदलणाऱ्या आकड्याची पद्धत रुळली. रिमोट आणि यंत्र दोघांकडेही एकच गुप्त सूत्र असते. प्रत्येक वेळी नवा आकडा पाठविला जातो व एकदा वापरलेला आकडा यंत्र पुन्हा स्वीकारत नाही. ही पद्धतही अभेद्य नाही. कामकार यांनीच त्याच वर्षी लहरी अडवून न वापरलेला आकडा हस्तगत करण्याची रीत दाखविली. तरीही आज यंत्र घेताना रोलिंग कोडच्या खाली तडजोड करू नये. त्याचबरोबर रात्री अंगणात उभ्या केलेल्या मोटारीत रिमोट ठेवू नये. काच फोडून तो उचलणाऱ्यास कोणतेही सूत्र उलगडावे लागत नाही.

इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रांनी नवे प्रश्न उभे केले आहेत. ‘नेक्स’ या कंपनीच्या दार-नियंत्रकात सर्व ग्राहकांच्या उपकरणांसाठी एकच सामाईक पासवर्ड वापरल्याचे आढळले आणि एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेला त्याविषयी जाहीर सूचना द्यावी लागली. फोनवरून दार उघडण्याची सोय हवी असल्यास, उत्पादक कंपनी त्रुटी दूर करणाऱ्या सुधारणा नियमितपणे पुरविते काय, याची चौकशी आवश्यक आहे. कार्यालयात बसून दार बंद असल्याची खात्री करता येणे उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र ज्यांना त्याची निकड नाही, त्यांनी केवळ खोक्यावर लिहिले आहे म्हणून ती जोडणी सुरू करण्याचे कारण नाही.

यंत्र एका कंपनीचे आणि रिमोट दुसरीचा चालेल काय, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. चेंबरलेन या मोठ्या उत्पादक कंपनीने, आपल्या यंत्रांशी जुळणारा रिमोट विकणाऱ्या स्कायलिंक कंपनीविरुद्ध दावा लावला होता. अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २००४ मध्ये स्कायलिंकच्या बाजूने निकाल दिला. ग्राहकाने विकत घेतलेल्या यंत्रासाठी दुसऱ्याचा रिमोट वापरण्यात प्रताधिकाराचा भंग होत नाही, असे त्यातून स्पष्ट झाले. परंतु इंटरनेटवरील सेवांच्या बाबतीत ग्राहकाचा हात पुन्हा दगडाखाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेंबरलेननेच आपल्या ‘मायक्यू’ सेवेशी परवानगीविना जोडल्या जाणाऱ्या बाहेरच्या प्रणालींचा मार्ग बंद केला. घरातील दिवे, पंखे व दार एकाच प्रणालीवरून चालविणाऱ्या अनेकांची त्यामुळे गैरसोय झाली.

लहरींच्या बाबतीत एक काहीसा गमतीचा प्रसंगही घडला आहे. २००४-०५च्या सुमारास अमेरिकेतील काही लष्करी तळांच्या परिसरात अचानक गॅरेजची दारे रिमोटला दाद देईनाशी झाली. लष्कराने नव्या बिनतारी संचांसाठी ३८० ते ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरण्यास सुरुवात केली होती आणि अनेक रिमोट नेमके ३९० मेगाहर्ट्झवर चालत होते. हा पट्टा मुळात सरकारचाच असल्याने नागरिकांना तक्रारीस वाव नव्हता. अधिक लहरींवर काम करणारे यंत्र घेतल्यास अशी अडचण टळते. तळाजवळ राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भारतातील घरांसाठी

भारतात बंगल्याच्या गॅरेजला गुंडाळले जाणारे लोखंडी शटर किंवा आवाराला सरकते फाटक असते. शटरच्या मोटरला वीज गेल्यावर ओढण्यासाठी हातसाखळी मिळते, तर फाटकाची मोटर किल्लीने सोडविता येते. यंत्राची रचना वेगळी असली तरी विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. फाटकाच्या मार्गात प्रकाशकिरणाचे डोळे बसविण्याचा खर्च वाचविला जाऊ नये. फाटक रुळाबाहेर जाऊन कोसळू नये म्हणून दोन्ही टोकांना भक्कम अटकाव असावा. किल्ली कोठे ठेवली आहे, हे राखणदारासह घरातील सर्वांना माहीत असावे. पावसाळी प्रदेशात नियंत्रण पेटीला पाणी, मुंग्या व पाली यांपासून संरक्षण हवे.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून असे यंत्र मागविण्याचा मोह काहींना होतो. तेथील यंत्रे १२० व्होल्टच्या विजेवर चालतात, भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे आणि रिमोटच्या लहरींविषयीचे नियमही देशागणिक भिन्न आहेत. सुटे भाग व दुरुस्तीची सोय गावात उपलब्ध असलेले स्थानिक यंत्र थोडे महाग पडले तरी तेच घेणे व्यवहार्य आहे.